तीन नंबरचा सेट

त्या कॅम्पची ऑर्डर मला सोमवारी सकाळी साडेनऊला मिळाली. अर्ध्या पानाची होती. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठच्या एका गावात माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी पाच दिवसांचा मेडिकल कॅम्प. एक सर्जन, एक सिस्टर, एक ऑपरेशन रूम असिस्टंट, दोन नर्सिंग असिस्टंट, दोन ड्रायव्हर. गुरुवारी सकाळी सहाला पुण्याहून गाड्या सुटणार.

मी तेव्हा मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते. अकरा वर्षं सर्व्हिस झाली होती, त्यातली सहा ऑपरेशन थिएटरमध्ये. माझं माहेर शिरूरचं. खरं सांगायचं तर त्या यादीत दुसऱ्या सिस्टरचं नाव होतं. मीच मेट्रनकडं जाऊन माझं घालून घेतलं. आपल्या माणसांत युनिफॉर्म घालून काम करायचं, आईनं आणि भावानं ते बघायचं, एवढीच हौस. दुसरं काही कारण नव्हतं.

तुमच्या सरांनी मला सांगितलंय की बाई, आमच्या पोरांना इन्फेक्शन कंट्रोल आणि मायनर सर्जरीवर चार पानं लिहून द्या, तुमचा अनुभव घाला. हात किती वेळ धुवायचे, ग्लोव्ह कसे चढवायचे, जखम कधी शिवायची आणि कधी उघडी ठेवायची, हे तुमच्या पुस्तकात माझ्यापेक्षा नीट दिलंय. मी पाहिलंय ते पुस्तक. त्यात जे येत नाही ते मी लिहिते. चार पानांत बसलं नाही तर सरांनी कापावं. मला थोडक्यात सांगता येत नाही, घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

कॅम्प जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. सातवीच्या वर्गात आमचं थिएटर. बाकं बाहेर काढली, फळा झाकला, भिंती आणि फरशी औषधाच्या पाण्यानं दोनदा पुसली, खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या. शेजारच्या वर्गात धुणं, उकळणं आणि ऑटोक्लेव्ह. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या घरच्या कुकरचा थोरला भाऊ. आत पंधरा पाउंड दाब, एकशे एकवीस डिग्री, आणि कपड्यात बांधलेल्या सेटला तिथून पुढं तीस मिनिटं. दाब चढायला जो वेळ लागतो तो त्या तीस मिनिटांत धरायचा नाही. सेटवर चिकटपट्टी लावलेली असते, उष्णता बसली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. रेघा नाहीत तर सेट उघडायचा नाही. हा नियम मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला पाठ करायला लावला होता.

आमच्याकडं मायनर सर्जरीचे तीन सेट होते. प्रत्येकात चिमटे, कात्री, सुईधारक, ब्लेडची मूठ. त्यांना आम्ही एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर म्हणायचो. हे सगळं सांभाळणारे ऑपरेशन रूम असिस्टंट म्हणजे हवालदार भोईटे. एकोणीस वर्षं सर्व्हिस, फलटणकडचे. कमी बोलायचे. चिमटा धुताना त्याचा सांधा उघडून आतून ब्रश मारायचे, आणि पोरांना सांगायचे की माणूस बाहेरनं बघू नये, सांध्यातनं बघावा.

दिवस ठरलेला. साडेपाचला ऑटोक्लेव्ह चालू. आठला पहिला पेशंट. गळू फोडणं, रुतलेलं नख काढणं, पायाचं कुरूप, चरबीच्या गाठी. दीडला ऑपरेशनची लिस्ट संपायची. दुपारी ड्रेसिंग. संध्याकाळी सहाला सेट धुऊन, मोजून, बांधून ठेवायचे. आमचे सर्जन मेजर साहेब दक्षिणेकडचे. हात हलका, बोलणं मोजकं. तीन दिवस सुरळीत गेले. एकाही जखमेत पू झाला नाही.

चौथा दिवस खंडेनवमीचा.

सकाळी साडेनऊला गावातली जुनी सैनिक मंडळी आली. पुढं एक रिटायर्ड सुभेदार, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबा मला म्हणाले, "सिस्टरबाई, पलटणीत आपण आजच्या दिशी रायफली पुजतो. मंग ह्यो डॉक्टर कशानं लढतो? त्याची हत्यारं तशीच ठिवायची व्हय?"

मेजर साहेबांनी हसून माझ्याकडं पाहिलं. तुझी माणसं, तू ठरव, असं म्हणाले. त्या दिवशी लिस्ट मुद्दामच ठेवली नव्हती, फक्त तपासणी होती. मी तीन नंबरचा सेट द्यायला सांगितलं. तो ज्यादा होता, एरवी लागायचा नाही. भोईटेंनी शाळेच्या बाकावर पांढरा कपडा घालून सगळी हत्यारं मांडली. ऑटोक्लेव्हला झेंडूची माळ घातली. हळदकुंकू झालं. मग गावातल्या बायकांनी घटातलं उगवलेलं धान आणलं. नऊ दिवस माती आणि शेणखतात वाढलेलं ते पिवळं-हिरवं धान, त्याचे झुबके मुळासकट उपटून हत्यारांवर वाहिले. मुळांना ओली माती होतीच. आपल्याकडं असंच करतात, माझ्या आईनंही आयुष्यभर केलं. पुजलेलं हत्यार त्या दिवशी हलवत नाहीत. तसंच राहू दिलं, वरून एक कपडा टाकला. ऑटोक्लेव्हही त्या दिवशी बंद.

त्या पूजेत मला आजही काही चूक वाटत नाही. पूजेच्या वेळी तो सेट कुणाच्या अंगाला लागणार नव्हता. पुढचं ऐका.

दसऱ्याला, म्हणजे शेवटच्या दिवशी, पहाटे भोईटेंनी तीन नंबरचा सेट उचलला. साबणानं, ब्रशनं धुतला, वीस मिनिटं उकळला आणि दुपारच्या ऑटोक्लेव्हसाठी बाजूला ठेवला. पहिल्या फेरीत एक नंबर, दोन नंबर आणि कपडे लागले होते. लिस्ट आठ पेशंटची. मधे वापरलेला सेट धुऊन परत लावायचा, असं चाललं होतं. बारा चाळीसला लाईट गेली. जनरेटरवर दिवे चालायचे, ऑटोक्लेव्हचा हीटर त्याला झेपायचा नाही. एक दहाला आठवा पेशंट झाला. दोन्ही सेट वापरलेले. मेजर साहेबांनी मास्क खाली ओढला आणि सामान बांधायला सांगितलं. तीनला निघायचं होतं. गावकऱ्यांनी सोनं द्यायला बोलावलं होतं.

सव्वाला नाईक अंकुश दोरगे आले.

यवतच्या पुढं त्यांचं गाव, दौंड तालुक्यात. न्हावऱ्यावरून मोटरसायकलवर आले होते, मागं त्यांची बायको मनीषा. सुट्टीवर होते. परवा दौंडहून गाडी पकडून युनिटला हजर व्हायचं होतं, आणि युनिट पुढच्या महिन्यात वर बर्फात जाणार होतं. डाव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी चरबीची गाठ. दुखत नव्हती, पण क्रॉलिंग करताना दबायची. युनिटच्या डॉक्टरांनी काढू म्हणून सांगितलं होतं, पण नंबर लागत नव्हता.

भोईटे त्यांना म्हणाले, "कॅम्प पाच दिवस चाललाय. आज उगवलास व्हय?"

"दौंडचा माणूस हाय साहेब. गाडीच्या टायमावर येणार."

सगळे हसले. मीही. मेजर साहेबांनी गाठ हातानं पाहिली. अर्ध्या तासाचं काम आहे, म्हणाले, जागा बधिर करून होईल. माझ्याकडं बघून विचारलं, करायचं का? अंकुश मधेच बोलले, ताई, तेवढं करा, वर गेलो की दोन वर्षं तसंच राहील. मला ते पहिल्यापासून ताईच म्हणाले. भोईटेंनी दटावलं, मॅडम म्हणायचं. तर म्हणाले, "शिरूरच्या बाईला मॅडम म्हणलं तर भीमेपलीकडची मान्सं हसतील मला."

मग भोईटेंनी मला शेजारच्या वर्गात बोलावलं.

"मॅडम, एक आन् दोन वापरलेत. तीन नंबर बॉइल केलाय फकस्त. ऑटोक्लेव्ह झाला न्हाई."

"लाईट?"

"तासाभरात येती म्हणत्यात. रोजच म्हणत्यात."

मुलांनो, इथं नीट थांबा. मला माहीत नव्हतं असं नाही. काही जंतू अडचण आली की स्वतःभोवती कवच करून बसतात. त्याला स्पोअर म्हणतात. मातीत आणि शेणखतात ते असतातच. उकळत्या पाण्यात बाकीचे मरतात, हे वीस मिनिटांनी तसेच्या तसे बाहेर येतात. हे मी शिकले होते, शिकवलं होतं, परीक्षेला विचारलं होतं. आणि त्या सेटवर आदल्या दिवशी माती होती, हेही मला माहीत होतं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की आज नाही जमणार. माझ्या भागातला माणूस, सणाचा दिवस, परवाची गाडी, बाहेर बाकावर बसलेली बायको. मला नाही म्हणायला जड गेलं. मनात म्हटलं, एवढीशी गाठ, धुतलंय, उकळलंय, काय होतंय.

आतून मेजर साहेबांचा आवाज आला. "सिस्टर, सेट रेडी?"

"रेडी, सर."

भोईटेंनी माझ्याकडं पाहिलं. हवालदार कॅप्टनला उलट बोलत नाही. त्यांनी सेट उचलला.

एक पन्नासला सुरू केलं, दोन पंचवीसला संपलं. गाठ अख्खी निघाली. स्नायूच्या अगदी लगत होती, थोडं रक्त आलं, दोन ठिकाणी चिमटा लावावा लागला. सहा टाके. अंकुश सबंध वेळ गप्पा मारत होते. मुलगी तिसरीत आहे, तिला पाढे येत नाहीत पण गाणी सगळी येतात, असं सांगत होते. गाठ बघायला मागितली. बघून म्हणाले, एवढ्या वर्षांचं रेशन हिनंच खाल्लं होय. मी गोळ्या दिल्या, चिठ्ठीवर माझा मोबाईल नंबर लिहून दिला. ते मोटरसायकलवर मागं बसून गेले, गाडी मनीषानं चालवली.

माझी पुढं दोन दिवसांची सुट्टी मंजूर होती. मी शिरूरला भावाकडं गेले.

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला मनीषाचा फोन आला. रात्रभर झोपले नाहीत, पाय लई ठणकतोय म्हणाली. मी विचारलं, ताप? थोडा आहे. पट्टी ओली झालीय का? नाही, कोरडीच आहे. मी म्हटलं, ऑपरेशन म्हटल्यावर दुखणारच, गोळी द्या, पाय उशीवर ठेवा, काही वाटलं तर परत फोन करा. तिनं बरं म्हटलं. मोठ्या आवाजात, धीरानं बोलले मी. त्या आवाजामुळंच ती गप्प बसली असणार.

जखमेच्या मानानं दुखणं फार जास्त असेल, तर पट्टी उघडून बघायची. तुमच्या पुस्तकात ही एक ओळ आहे. गॅस गँगरीनची पहिली खूण तीच. वास, काळं पडणं, फुगणं हे मागून येतं. मला ती ओळ येत होती. फोन ठेवून मी वहिनीच्या हातची आदल्या दिवशीची पुरणपोळी खाल्ली आणि झोपले.

चार दहाला परत फोन. या वेळी मनीषा भरभर बोलत होती. "ताई, मांडी फुगलीया. रंग बदललाय, तांब्याच्या भांड्यावानी दिसतीया. पट्टीतनं पानी येतंय. वास येतोय गोडसर."

मी मेजर साहेबांना लावला.

"सर, अंकुश दोरगे. कालचा नववा पेशंट. गॅस गँगरीन वाटतंय."

"कशावरून?"

"सर, तीन नंबरचा सेट ऑटोक्लेव्ह झाला नव्हता. आदल्या दिवशी त्याच्यावर माती होती."



"यवतला अँब्युलन्स पाठवतो. तू थेट घरी पोच. टाके काढ, जखम उघडी कर. पेनिसिलिन अँब्युलन्समध्ये आहे."

"येस, सर."

"सिस्टर. सेट मला पाहिजे."

"भोईटेंकडं आहे, सर."

भावानं गाडी काढली. चार पंचवीसला निघालो. न्हावरा, चौफुला, तिथून हायवे. रस्त्याला उसाच्या गाड्या होत्या. पाच पन्नासला पोचलो. अंकुश ओसरीवर पलंगावर होते. घामानं बनियन भिजलेला, चेहरा राखेसारखा, पण भान पूर्ण. या आजारात ते शेवटपर्यंत राहतं, हेच त्याचं वाईट. नाडी एकशे अडतीस. मांडी दुप्पट झाली होती. मी बोट दाबलं तर कातड्याखाली कोरड्या शेवया मोडाव्यात तसं कुरकुरलं. तो गॅस. सकाळी जखमेपाशी असेल, आता कमरेच्या हाडापर्यंत आला होता.

मी सहाही टाके कापले. पातळ तपकिरी पाणी आलं. अंकुशचे वडील, आप्पा, पितळी घेऊन उभे होते. ते मला म्हणाले, "सुट्टी असून एवढ्या लांबनं पळत आलीस बाय. कोण येतंय आजकाल."

मी खाली मान घालून जखम पुसत राहिले.

अंकुश म्हणाले, "ताई, उद्याची गाडी चुकणार जनू."

"चुकणार."

सहा पाचला अँब्युलन्स आली. पेनिसिलिन सुरू केलं, सलाईन पळवलं. मी मागं त्यांच्याजवळ बसले. दर वीस मिनिटांनी पेननं मांडीवर, पोटावर काळेपणाची हद्द आखत होते. पुणं येईपर्यंत चार रेघा झाल्या होत्या, प्रत्येक आधीच्या रेघेच्या वर. सात चाळीसला हॉस्पिटल.

मेजर साहेबांनी त्यांना सरळ सांगितलं. पाय कमरेपासून काढावा लागेल. तरीही खात्री नाही. अंकुशनी माझ्याकडं बघून विचारलं, "पाय दिला तर वाचतो का, ताई?"

मी म्हटलं, सांगता येत नाही. तेवढं एक मी त्यांना खरं बोलले. त्यांनी फॉर्म घेतला. सैनिक सही करतो तशी केली, आधी नंबर, मग रँक, मग नाव. अक्षर सुरेख होतं. नंबर चुकला नाही.

ते आत गेल्यावर भोईटे सेट घेऊन आले. आम्ही दोघांनी टेबलावर दिवा ओढून एकेक हत्यार पाहिलं. दुसऱ्या चिमट्याचा सांधा भोईटेंनी उघडला. आत सुतासारखं पांढरं मूळ होतं, आणि मोहरीएवढा मातीचा कण. भोईटे ते बघत राहिले. मग म्हणाले, "सांधा मी बघितला न्हाई मॅडम. पुजंचं हुतं म्हणून लई घासला न्हाई." एवढं बोलून ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. एकोणीस वर्षांत त्यांनी एक चिमटा कमी घासला, तोही श्रद्धेपोटी. ऑटोक्लेव्ह झाला असता तर ती माती तिथं असूनही निर्जीव झाली असती. सांधा त्यांचा राहिला. रेडी मी म्हणाले.

पाय काढला. रात्रीत किडन्या बंद पडल्या. बुधवारी सकाळी अकरा वीसला नाईक अंकुश दोरगे गेले.

चौकशी झाली. मी जे घडलं ते वेळेसकट सांगितलं. मला आणि भोईटेंना शिक्षा झाली, ती काय झाली ते इथं लिहिण्यासारखं नाही. कमी होती एवढं सांगते. मेजर साहेब पुढं माझ्याशी कामापुरतंच बोलले. भोईटेंनी वर्षभरात पेन्शनचा अर्ज केला. पुढं मी एकदा फलटणला त्यांच्या घरी गेले होते. चहा दिला, ख्यालीखुशाली विचारली. थिएटरचा विषय दोघांनीही काढला नाही.

तेराव्याला मी दोरग्यांकडं गेले. आप्पांनी मला जेवायला पाटावर बसवलं, सगळ्यांना सांगत होते की ही बाई आमच्या पोरासाठी शिरूरवरनं धावत आली. मनीषाला मागच्या दारी घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. पूजा, माती, लाईट, ऑटोक्लेव्ह, मी काय बोलले ते. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एकच विचारलं. सकाळी फोन केला तवाच तुम्ही आला असता तर?

मी म्हटलं, त्या वेळी कदाचित पायावर भागलं असतं. कदाचित पायही राहिला असता.

ती गोठ्याकडं वळली. मग म्हणाली, "आमी परत गेलो असतो की, ताई. तुमी न्हाई म्हणला असता तर आमी सोनं घेऊन घरी गेलो असतो." आवाज चढवला नाही. आत जाऊन पंगतीला वाढायला लागली. त्यानंतर मी तीनदा त्या घरी गेले. ती पाणी देते, बसा म्हणते. दुसरं काही बोलत नाही. आप्पांना तिनं सांगितलं नाही. ते जाईपर्यंत मला दसऱ्याला फोन करायचे.

तुम्हाला वाटेल, यातून काहीतरी सुधारलं असेल. मागच्या महिन्यात कारेगावला कामगारांसाठी एक कॅम्प होता, मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. एक तरुण डॉक्टर कंपनीतल्या मुलाच्या बोटातली लोखंडाची कपची काढत होते. पत्र्याच्या तुकड्यावर हात पडलेला, जखम ग्रीसनं काळी. हत्यार पातेल्यात उकळलेलं. मी विचारलं, ऑटोक्लेव्ह? ते म्हणाले, मॅडम, एवढंसं काम आहे, उकळलंय की. मी हे सगळं त्यांना सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वाईट वाटलं म्हणाले, आणि पुढचा पेशंट त्याच पातेल्यातल्या चिमट्यानं घेतला. मी आठ दिवसांनी चौकशी केली. त्या मुलाचं बोट छान बरं झालं होतं. कुणालाच काही झालं नव्हतं.

तेच आहे बघा. बहुतेक वेळा काही होत नाही. मी त्या दिवशी रेडी म्हणाले त्याच्या आधीही दोनदा कुठंकुठं तडजोड केली होती, आणि काही झालं नव्हतं. काही न होणं हेच माणसाला शिकवत जातं, आणि त्याच्यापुढं माझ्यासारख्या म्हातारीची चार पानं कुठं पुरणार. तुम्ही वाचाल, हळहळाल. मग एखाद्या दिवशी लाईट गेलेली असेल, बाहेर ओळखीचं माणूस बसलेलं असेल. त्या वेळी तुम्हाला हे आठवेल, अशी खात्री मला देता येत नाही. मला तर सगळं पाठ होतं.

त्यांच्या गावात शाळेशेजारी सैनिकांच्या नावांची पाटी आहे. तिच्यावर दोन नावं आहेत, दोघंही सरहद्दीवर गेलेले. अंकुशचं नाव नियमात बसत नाही. सुट्टीवर, गाठीच्या ऑपरेशननं गेलेला माणूस. म्हणून इथं लिहून ठेवते. नाईक अंकुश दोरगे. वय बत्तीस. सेवा तेरा वर्षं, त्यातली चार बर्फात. तिथं एकदा हिमकड्याखाली सापडलेल्या जोडीदाराला सात तास खणून यांनी बाहेर काढलं होतं, जिवंत. हे त्यांनी आम्हाला टेबलावर सांगितलं नाही. युनिटचा सुभेदार तेराव्याला आला होता, त्याच्याकडून कळलं.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला ते शेवटचं बोलले. ओठ कोरडे होते, मी कापूस ओला करून लावत होते. त्यांनी विचारलं, "युनिटला कळवलं का, ताई? न्हाईतर अॅब्सेंट लावत्यात."

मी हो म्हणाले. तोवर कुणीही कळवलेलं नव्हतं. युनिटला सिग्नल बारा दहाला गेला.